उपकारसुट्टी

हा शब्द आमच्या धाकट्याचा. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. नोव्हेंबरातल्या एका रविवारी नगरहून आजीचा व्हिडिओ कॉल आला. नेहमीप्रमाणे अर्धा चेहरा आणि अर्धा पंखा दाखवत तिनं विचारलं, "येत्या गुरुवारी तुमच्याकडं उपकारस्तुती ना रे?" तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, आजीला पण माहितीये! गुरुवारी उपकारसुट्टी आहे." आजी हसता हसता खोकायला लागली. तेव्हापासून आमच्या घरात थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या गुरुवारी येणाऱ्या आभार मानायच्या अमेरिकन सणाला, दुसरं नाव उरलेलं नाही.

आम्ही नगरचे ख्रिस्ती. (गाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात नगरच बसलंय.) आमच्या चर्चच्या मराठीत उपकारस्तुती हा रोजचा शब्द. जेवणाआधी, प्रवासाआधी, ताप उतरल्यावर, दहावीचा निकाल लागल्यावर. फाटकाबाहेर आलं की मात्र तोच उपकार वेगळा होतो. त्याचं ओझं होतं, तो फेडावा लागतो, करणारा तो चारचौघांत बोलून दाखवतो. "फार उपकार केलेस!" हे वाक्य स्तुतीचं नाही हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. दुसरीकडे आभार हा शब्द सभेच्या शेवटी, हार-नारळाबरोबर येणारा. आणि थँक यू म्हणावं, तर मी माझ्या आईला ते जन्मात म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर तिनं कपाळाला हात लावून ताप पाहिला असता.

एरवी मी याचा एवढा विचार केला नसता. पण आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. ज्या प्लिमथमध्ये हा सगळा प्रकार सुरू झाला असं मानतात ते आमच्या घरापासून गाडीनं तासाभरावर. आणि मी मुलांना झोपताना इंग्रजी पुस्तकं मराठीत वाचून दाखवते. पान इंग्रजी, तोंड मराठी. ही सवय लेक लहान असताना लागली, तिचं मराठी टिकावं म्हणून. नोव्हेंबरात मात्र या सवयीनं माझा घाम काढला, कारण थँक्सगिव्हिंगच्या पुस्तकात दर पानावर कोणीतरी कृतज्ञ असतं.

पहिल्या वर्षी मी गावच्या लायब्ररीतून अकरा पुस्तकं उचलून आणली, मुलांच्या विभागात मांडून ठेवली होती तीच. त्यातल्या सात-आठांत टर्की, या सणाला भाजतात तो पक्षी, हीच नायिका होती आणि शेवटी ती ताटात न जाता ताटासमोर बसत होती. उरलेल्यांत काळ्या टोप्यांतले गोरे लोक आणि पिसं खोवलेले तांबूस लोक एका लांबलचक टेबलाशी हसत बसलेले. शाळेतून कागदी पिसांची पट्टी डोक्याला बांधून पोरगा घरी आला आणि आपण यातले कुठले इंडियन, असं विचारता झाला. हा किस्सा इथल्या प्रत्येक देशी घरात घडून गेलेला आहे, त्यामुळे तो लांबवत नाही. दोन रात्रींत पुस्तकं संपली. मुलं खूश होती. मला मात्र लग्नाला जाऊन फक्त आइस्क्रीम खाऊन परतल्यासारखं वाटलं.

याला कारण होतं. अमेरिकन मराठी मिशन हे नाव महाराष्ट्रात शाळा-दवाखान्यांमुळे माहीत असतं, पण ती माणसं नेमकी कुठून आली हे मलाही इथं येईपर्यंत धड माहीत नव्हतं. ती इथूनच आली. ज्या मिशनरी मंडळानं त्यांना पाठवलं ते १८१० मध्ये याच मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालं. १८१२ च्या फेब्रुवारीत सेलमच्या चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा मिळाली. त्यातला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईला उतरला. १८३१ मध्ये हे लोक नगरला पोचले. ते काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे प्लिमथला उतरलेल्या त्या काळ्या टोपीवाल्यांच्या धर्माचेच वारस. फुले दांपत्याच्या गोष्टीत ज्या मिस फरारबाई येतात, नगरच्या मुलींच्या शाळेच्या, त्या न्यू हॅम्पशरच्या. आणि थँक्सगिव्हिंगची सुट्टी देशभर एकाच दिवशी असावी म्हणून वर्षानुवर्षं पत्रं लिहून राष्ट्राध्यक्षांचा पिच्छा पुरवणारी, अखेर १८६३ मध्ये लिंकनकडून ती जाहीर करवून घेणारी संपादिका सेरा जोसेफा हेल हीसुद्धा न्यू हॅम्पशरचीच. दोघींच्या वयात सात वर्षांचं अंतर. आजीच्या तोंडी जो शब्द आहे तो जिथून निघाला तिथं आम्ही राहतो, आणि माझी मुलं टर्कीची पळापळ वाचताहेत!

दुसऱ्या वर्षी मी ऑक्टोबरातच मुलांच्या विभागातल्या बाईंकडे गेले. वाम्पनोआग लोकांनी, म्हणजे प्लिमथच्या भागातल्या मूलनिवाशांनी, स्वतः सांगितलेलं काही आहे का, असं विचारलं. त्यांनी आठवड्यात तीन पुस्तकं मागवून दिली. त्यातलं एक तेव्हा नवंच होतं, २०२२ चं. नाव 'कीपुनुमुक', म्हणजे सुगीचा काळ. आजी नातवंडांना गोष्ट सांगते, आणि गोष्टीत बोलतो कोण, तर मका. मका, घेवडा आणि भोपळा या तिघी बहिणी; घेवडा मक्याच्या ताटाला धरून वर चढतो, भोपळ्याची पानं खाली जमीन झाकतात. मका त्या गोष्टीत बाई आहे, तिचं त्यांच्या भाषेतलं नाव वीआचुमन. त्या पुस्तकात आजीसाठी जो शब्द आहे त्याच्या पोटात चक्क इंग्रजी आठचा आकडा आहे, अक्षर म्हणून. धाकट्याला बाकी काही नाही, तेवढंच आवडलं. आठवडाभर तो स्वतःचं नाव मध्ये आठ घालून लिहीत होता.

लेक तेव्हा दहाची. तिला ती भाषाच लागली. ती भाषा बोलणारं कोणी उरलं नव्हतं आणि १९९० नंतर ती पुन्हा उभी केली, त्यासाठी जुने दस्तऐवज आणि १६६३ चं बायबल कामी आलं, हे मी तिला सांगितलं. त्या लोकांना ख्रिस्ती करण्यासाठी छापलेलं ते बायबल. "म्हणजे ज्यांनी भाषा घालवली त्यांच्याच पुस्तकात ती राहिली?" असं तिनं विचारलं, इंग्रजीत. मी मराठीत हो म्हटलं.

वाचून दाखवताना कृतज्ञतेपाशी मी अडखळतच होते. "ते आभारी होते" म्हटलं की धाकटा हसायचा, बातम्यांसारखं वाटतं म्हणून. शेवटी एका रात्री माझ्या तोंडून गेलं, "त्यांनी मक्याचं नाव काढलं." हे जमलं. नाव काढणं, जाण ठेवणं, खाल्ल्या मिठाला जागणं, अन्नाला पाय न लावणं. आपल्या भाषेत कृतज्ञता बोलण्यापेक्षा वागण्यातच जास्त आहे, आणि मी नामं शोधत बसले होते.

त्याच आठवड्यात आजीनं मिलोची गोष्ट सांगितली. मुलांनी आजीला विचारलं होतं, तुझ्या लहानपणी अमेरिकेचं काय होतं? त्यांना कार्टून वगैरे अपेक्षित असावं. ती म्हणाली, "मिलो." बहात्तरच्या दुष्काळात ती बारा वर्षांची, शेवगावकडच्या खेड्यात. आई-बाप रोजगार हमीवर खडी फोडायला. रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी यायची, तिला सगळे मिलो म्हणत. "भाकरी थापली की विटेसारखी. घशाखाली उतरायची नाही. आमचे अण्णा रोज तिच्यावर हात ठेवून उपकारस्तुती करायचे, आणि मी डोळे मिटून मनात म्हणायचे, देवा, उद्या गहू दे." धाकट्यानं ताबडतोब विचारलं, "मग दिला?" "दिला की. सुकडीतून दिला."

आणि मग तिनं तिच्या आजीचं सांगितलं. हे मी लहानपणी अर्धवट ऐकलं होतं. १८९९-१९०० च्या दुष्काळात घरची सगळी माणसं गेली आणि ही पाच-सहा वर्षांची पोर मिशनच्या अनाथालयात आली. तिथं तिला मक्याचं पीठ शिजवून मिळायचं, "अमेरिकेच्या बोटीतलं". मी ही घरगुती दंतकथा समजत होते. पण १९०० च्या मे महिन्यात 'क्विटो' नावाची आगबोट न्यूयॉर्कहून दुष्काळग्रस्तांसाठी मका भरून मुंबईला निघाली होती, सुमारे दोन लाख बुशेल, सामान्य लोकांच्या वर्गणीतून घेतलेला, ही गोष्ट खरी आहे. आमच्या पोरीच्या ताटलीतला मका त्याच बोटीतला होता की नाही, हे कोण सांगणार. पण मी मुलांना ते वीआचुमनच्या गोष्टीला जोडूनच सांगितलं: वाम्पनोआग लोकांनी मका पेरायला शिकवला, त्यावर इंग्रज जगले, त्यांच्या देशातून मका मुंबईला आला, त्यावर आजीची आजी जगली. धाकटा म्हणाला, "मग मी मक्याचा आहे." मी म्हटलं, थोडासा आहेस.

सगळं इतकं छान जुळलेलं पाहून मलाच संशय यायला हवा होता.

त्या शनिवारी आम्ही प्लिमथला गेलो. तो प्रसिद्ध खडक पाहून मुलांचा पोपट झाला. भल्या थोरल्या ग्रॅनाइटच्या खांबांमध्ये, खाली खड्ड्यात, एक शिळा. वर १६२० कोरलेलं. "एवढासाच?" मी त्यांना समोरच्या टेकडीवर नेलं. तिथं वाम्पनोआगांचा प्रमुख मॅसासॉइट याचा पुतळा समुद्राकडे पाहत उभा आहे, आणि जवळच पहिल्या हिवाळ्यात मेलेल्या इंग्रजांच्या अस्थींची दगडी पेटी. मेफ्लॉवर या जहाजातून १०२ प्रवासी आले. त्यातले निम्मे पहिल्या हिवाळ्यात गेले. दुसऱ्या वर्षी, १६२१ च्या सुगीत, जी तीन दिवसांची मेजवानी झाली तिच्याविषयी त्यांच्यातल्याच एडवर्ड विन्स्लोचं एक पत्र आहे: मॅसासॉइट नव्वद माणसं घेऊन आला, त्यांनी पाच हरणं मारून आणली. त्या वेळी वस्तीवर मोठ्या बाया उरल्या होत्या चार. चार बाया आणि तीन दिवस दीडशेच्या घरात माणसं! त्या चौघींनी कुणाची स्तुती केली असेल, हे पत्रात नाही.

तिथंच एक फलक आहे. १९७० पासून दर थँक्सगिव्हिंगला दुपारी बारा वाजता मूलनिवासी लोक या टेकडीवर जमतात आणि शोकदिन पाळतात, असं त्यावर आहे. लेकीनं तो सगळा वाचला. परतताना गाडीत गप्प होती. रात्री दिवा घालवल्यावर म्हणाली, "इंग्रज आले तिथं आधी पटक्सेट नावाचं गाव होतं ना? साथीत सगळं मेलं?" हो. १६१६ ते १६१९ च्या साथीत. टिस्क्वांटम, ज्याला पुस्तकं स्क्वांटो म्हणतात, त्या गावचा. १६१४ मध्ये त्याला पळवून स्पेनमध्ये विकलं, तो कसाबसा परत आला तेव्हा गावात कोणी नव्हतं. मका पेरायला त्यानं शिकवलं ते स्वतःच्या मेलेल्या गावात.

"मग तू म्हणतेस मका देवानं दिला. साथ कुणी दिली?"

इंग्लंडच्या राजाच्या १६२० च्या सनदेत ती साथ म्हणजे देवाचीच करणी असल्याचं लिहिलं होतं, जागा मोकळी करून दिली म्हणे. हे मला माहीत होतं. मी ते त्या रात्री तिला सांगितलं नाही. झोप आता, म्हटलं. आई म्हणून हे काही फार शूरपणाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नगरला फोन लावला. माझी आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझी आजी हंगामाच्या उपासनेला पहिलं कणीस वाहायची. सगळ्यांत आधी तिचं. आणि घरी येऊन चुलीपाशी रडायची. दर वर्षी. तिच्या घरची सगळी गेली आणि ही एकटी राहिली. जगले याचे उपकार मानायची, आणि बाकीच्यांचं का केलंस, हे मरेपर्यंत विचारत राहिली. दोन्ही त्यालाच." मी हे लेकीला जसंच्या तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पटलं असं काही म्हणाली नाही.

तर गुरुवार. शेजारचे सांगलीचे काका-काकू आणि त्यांची नात जेवायला होती. ते शाकाहारी, म्हणून मी कोंबडी वेगळी भाजली आणि बाकीचं पान तिघी बहिणींचं मांडलं: मक्याची भाकरी, घेवड्याची उसळ, भोपळ्याचे घारगे. घारग्यांत मी माती खाल्ली. इथं भोपळ्याचा गर डब्यात तयार मिळतो, म्हटलं किसायचा त्रास वाचेल. त्यात पाणी किती असतं ते गूळ घातल्यावर कळलं. कणीक घालत गेले, तांदळाचं पीठ घालत गेले, गोळा काही हाताला येईना. पहिला घाणा तेल पिऊन मऊ पडला. मग काकू उठल्या, परसात हॅलोविनचा उरलेला छोटा गोडसर भोपळा होता तो आणला, सोलून किसला, गुळात कोरडा होईस्तोवर परतला, गार करून मावेल तेवढंच पीठ घातलं, केळीचं पान नव्हतं म्हणून पिशवीच्या प्लॅस्टिकवर थापले. दुसरा घाणा टम्म फुगला. लेकीनं सकाळी जाहीर केलं होतं की टेकडीवरच्या लोकांसाठी ती बारापर्यंत काही खाणार नाही. अकरा वाजता पहिल्या घाण्यातले दोन घारगे कमी होते. मी मोजले होते, पण काही बोलले नाही.

पानं मांडल्यावर आजीला फोनवर घेतलं. तिनं १३६ वं स्तोत्र काढलं. आमच्याकडे उपकारस्तुतीला तेच. एक जण ओळ वाचतो आणि प्रत्येक ओळीनंतर सगळ्यांनी म्हणायचं, "त्याची दया सनातन आहे." सव्वीस वेळा. दोन-तीनदा ऐकल्यावर काकाही ध्रुपद धरून म्हणायला लागले. सूर्य झाला, चंद्र-तारे झाले, समुद्र दुभंगला. मग त्या ओळी आल्या ज्या मी शंभरदा म्हटल्या असतील आणि एकदाही ऐकल्या नव्हत्या: त्यानं मोठमोठे राजे मारले, त्यांचा देश आपल्या लोकांना वतन करून दिला.

माझ्या शेजारचा आवाज थांबला. लेक पानाकडे पाहत होती, ओठ घट्ट मिटलेले. धाकट्यानं ढोसलं तरी नाही. फोनमधून आजी वाचत होती, तिला काही कळलं असेल असं नाही. मी ध्रुपद म्हणत राहिले, पण आवाज आपोआप खाली गेला. पाच-सहा ओळी तशाच गेल्या. पुढे, शेवटून दुसरी ओळ, तो सर्व प्राण्यांना अन्न देतो. तिथं तिनं पुन्हा म्हटलं, सगळ्यांबरोबर, नेहमीच्या आवाजात.

मग सांगलीच्या नातीनं हात जोडून "वदनी कवळ घेता" म्हटलं, भरधाव, एका दमात, उदरभरण नोहेपाशी श्वास संपला. काकांनी विचारलं, "ते मक्याचं काय नाव म्हणालात? आचमन?" वीआचुमन. "जवळचंच आहे," ते म्हणाले आणि भाकरी मोडली.

जेवणं झाल्यावर मी मुलांना आमच्या हंगामाच्या उपासनेतला लिलाव सांगितला. लोक बाजरीची कणसं, ऊस, भोपळे, अंडी, कोंबड्या वाहतात; उपासना झाली की पटांगणात सगळ्याचा लिलाव. एक नारळ पाचदा विकला जातो, कारण घेणारा तो पुन्हा देऊन टाकतो. एकदा आमच्या घरची कोंबडी लिलावात असताना सुटली आणि पाळकसाहेबांच्या झग्याखाली शिरली, बोली मात्र थांबली नाही. धाकट्याला आणखी काय हवं! खुर्चीवर चढून त्यानं शेवटचा घारगा वर धरला. पैसे गावच्या फूड पँट्रीला, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देतात तिथं, हे ताईनं ठरवून टाकलं.

काका एक डॉलरवरून चारवर गेले. लेक स्वतःच्या गल्ल्यातून पाच म्हणाली. "एक वार... दोन वार..." फोनमधून आजी ओरडली, "माझे पाचशे रुपये!" तिथं रात्रीचा दीड वाजला होता, अजून जागीच. तीन वार झालं. घारगा आजीला गेला. आजीनं तो लगेच परत दिला, आणि पठ्ठ्यानं पुन्हा एकवरून सुरुवात केली.

क्रॅनबेरी सॉसच्या डब्याला मात्र कोणी बोली लावली नाही.